दुधी-भोपळ्याची कोवळी फळं पिवळी पडून गळतात? आधी फळ चिरून पाहा

वेल मांडवभर पसरलेला असतो, पानं हिरवीगार असतात, फुलंही रोज दिसतात. बोटाएवढा दुधी धरतो, दोन-तीन दिवस तसाच राहतो, मग टोकाकडून पिवळा पडत जातो, सुरकुततो आणि नुसता हात लागला तरी देठातून सुटतो. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. परसबाग करणाऱ्यांचा हा प्रश्न उन्हाळ्यात येतो, पावसाळ्यातही येतो. खत वाढवून पाहिलं, नीमतेल मारलं, बुरशीनाशकही टाकलं, पण फरक नाही, हेही सोबत सांगितलेलं असतं.

फरक पडत नाही, कारण बहुतेक वेळा तो रोगच नसतो. त्या फुलाचं परागीकरण झालेलं नसतं. वेलवर्गीय भाज्यांत मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ आधीपासूनच असतं. त्यामुळे आपल्याला वाटतं फळ धरलं. प्रत्यक्षात ते अजून धरायचं असतं. पराग मिळाले तर ते वाढतं, नाही मिळाले तर वेल ते टाकून देतो. जुन्या घरांमध्ये मुलांना सांगत, कळीला बोट दाखवू नका, कुजेल. त्या समजुतीमागे हेच निरीक्षण असावं असं मला वाटतं: काल छान दिसणारी कळी आज कारण नसताना पिवळी.

तरीही अंदाजाने ठरवू नका. फळ पिवळं पडू लागताच, पूर्ण सडण्याआधी, तोडा आणि सुरीने उभं चिरा. आतला गर पांढरा, कोरडा किंवा थोडा पोकळ असेल, बियांच्या जागी नुसते बारीक ठिपके असतील आणि अळी नसेल, तर परागीकरणाचा प्रश्न आहे. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील, सालीवर टोचल्यासारखा बिंदू असेल, तर फळमाशी. टोक ओलसर, मऊ झालं असेल आणि त्यावर काळ्या टाचण्यांची डोकी उभी राहिल्यासारखी बुरशी असेल, तर पावसाळी टोककूज. इथे एक काळजी घ्यायची. पराग न मिळालेलं फळही मांडवावर तसंच सडत राहिलं की त्यात कुठल्या ना कुठल्या माशीच्या अळ्या होतातच. त्या नंतर आलेल्या असतात. म्हणून चिरायचं ते ताजं, पिवळेपणा नुकता सुरू झालेलं फळ.

कोणतं फूल कधी उमलतं, हे माहीत हवं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लोक सकाळी चहा झाल्यावर नऊ-दहाला गच्चीवर जातात, ब्रश घेऊन दुधीच्या फुलांवर फिरवतात आणि तरीही फळं गळतात. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. साधारण पाच ते आठच्या दरम्यान पांढऱ्या पाकळ्या उघडतात, रात्रभर उघड्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मलूल होतात. त्याचे मुख्य पाहुणे म्हणजे रात्री उडणारे मोठे पतंग. दोडका आणि पडवळ हेही संध्याकाळचेच.

भोपळ्याचं काम उलट. लाल भोपळ्याचं मोठं पिवळं फूल पहाटे अंधारातच उघडतं आणि दहाच्या आत मिटायला लागतं. उन्हाळ्यात तर त्याहीपेक्षा लवकर. झुकिनीचं वेळापत्रकही हेच. काकडी, कारलं, ढेमसं, कलिंगड हे सगळे सकाळचे. घोसाळं दोडक्याचं सख्खं भावंड, पण ते पहाटे उमलतं. त्यामुळे एकाच मांडवावर दोडका आणि घोसाळं असेल तर दोघांकडे वेगवेगळ्या वेळी जावं लागतं. दोडक्यासाठी सहा वाजता संध्याकाळी, घोसाळ्यासाठी सहा वाजता सकाळी.

शहरात गच्चीवर किंवा बाल्कनीत वेल असेल तर मधमाशी येईल आणि पतंग येतील या भरवशावर राहू नका. आले तर उत्तमच. कोकणात आणि गोव्यात अडचण वेगळी असते. तिथे परसात मधमाश्या भरपूर असतात, पण जुलैच्या संततधारेत त्या बाहेर पडत नाहीत आणि उघड्या फुलातले पराग भिजून वाया जातात. उघडीप मिळाली की फळं धरतात, झड लागली की पुन्हा गळतात. एकाच वेलावर आठवडाभर फळं आणि आठवडाभर नुसती गळ दिसली, तर मागचे दिवस पावसाचे होते का, ते आठवून पाहा.

हाताने परागीकरण

ब्रशची गरज नाही. नर फूल थेट वापरा.

दुधीच्या वेलाशी संध्याकाळी उभे राहा. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो, फुलाखाली काहीच फुगवटा नसतो. मादी फुलाचा देठ आखूड आणि जाड, आणि पाकळ्यांखाली लव असलेला नखाएवढा दुधी. दोन्ही फुलं आजच उमललेली हवीत. कालचं मिटलेलं नर फूल उपयोगाचं नाही. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका. मधे पिळल्यासारखा पिवळा भाग राहतो, त्याला हलकं बोट लावून पाहा. बोटाला पिवळी पूड लागली तर पराग तयार आहेत. मादी फुलाच्या मध्यभागी तीन जाडसर, जरा चिकट पाळ्या दिसतात. त्या तिन्हींवर हा पिवळा भाग हळूच फिरवा. घासायचं नाही, टेकवत फिरवायचं. एका पाळीला पराग लागले आणि दोन कोरड्या राहिल्या तर फळ धरेल, पण वाकडं होईल. काकडी एका टोकाला फुगलेली आणि दुसरीकडे निमुळती होते, तेही बहुतेक वेळा अर्धवट परागीकरणामुळे. एका नर फुलाने दोन मादी फुलं निभतात.

पाऊस येणार असेल तर त्या मादी फुलावर कागदाची छोटी टोपी रात्रीपुरती घाला.

जमलं की नाही, हे दोन-तीन दिवसांत कळतं. धरलेलं फळ आधी वरच्या दिशेने किंवा आडवं असतं, ते देठातून खाली झुकू लागतं. रंग गडद होतो, लव चमकते आणि रोज फरक दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ते तेवढंच आणि फिकट असेल तर सोडून द्या, काढून टाका.

अडचण अशी येते की मादी फूल उमलतं त्या संध्याकाळी नर फूलच नसतं. एकच वेल असेल तर हे हमखास होतं. म्हणून घरच्या बागेतही एका जातीचे निदान दोन वेल असावेत, शक्यतो दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावलेले. शेजाऱ्यांकडचं नर फूलही चालतं. लांब दुधीला गोल दुधीचे पराग चालतात, फळ तुमच्या वेलाचं जसं असतं तसंच येईल. फक्त त्या फळाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत मिश्रण निघेल. भोपळ्याचे पराग दुधीला मात्र चालणार नाहीत.

इथेच एक भीती दूर करतो. कारल्याजवळ दुधी लावला की दुधी कडू होतो, असं अनेक घरांत मानतात. कारल्याच्या परागांनी दुधी कडू होत नाही, ती दोन वेगळी झाडं आहेत. दुधीचा कडूपणा बियाण्याच्या वाणातून येतो किंवा कडक ऊन आणि पाण्याचा ताण बसला की वाढतो. पण कडू दुधी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. त्यातलं कुकुर्बिटासिन हे कडू, विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही आणि कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. घरचा असो की बाजारचा, चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि पूर्ण दुधी फेकून द्या.

नुसती नर फुलंच येत असतील तर

पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने फुलं दिसू लागतात आणि सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस ती बहुतेक नरच असतात. वांझ फुलं म्हणून लोक वैतागतात. त्यात काही बिघाड नाही, थांबा. भोपळ्याची जादाची नर फुलं मधला पिवळा भाग काढून भजीत घाला. रोजची एक-दोन मात्र वेलावर ठेवा.

तीन आठवडे उलटूनही मादी फूल नसेल, तर कारणं दोन. पहिलं, नत्र जास्त झालं. शेणखत भरपूर, वर युरिया किंवा दर आठवड्याला पेंडीचं पाणी असं चालू असेल तर वेल माजतो. पानं हातभर होतात आणि फुलं येतात ती नर. असं असेल तर नत्राचं खत बंद करा, थोडी लाकडाची राख आळ्यात पसरून माती हलवा आणि महिनाभर नुसतं पाणी द्या. राख मूठभरच, कारण कुंडीत ती लवकर जास्त होते.

दुसरं कारण तापमान. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की या वेलांवर नर फुलांचं प्रमाण वाढतं, दिवस लहान आणि हवा थंड असली की मादी फुलं वाढतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की पराग निकामी होतात. मग हाताने परागीकरण करूनही फळ धरत नाही. त्या दिवसांत वेल जगवणं एवढंच काम. बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, दुपारी शेडनेट आणि सकाळी भरपूर पाणी. खरा उपाय पेरणीच्या तारखेत आहे. उन्हाळी वेल जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावले की मार्चमध्ये, उन्हाचा तडाखा बसण्याआधी फळं धरून जातात. मार्चअखेर लावलेला वेल ऐन मेमध्ये फुलतो आणि मग गळ सुरू होते.

दुधीचा शेंडा खुडण्याचा खूप बोलबाला आहे. दुधीपुरता तो बरोबर आहे, कारण दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलं जास्त आणि बगलफुटींवर मादी फुलं जास्त येतात. वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडा, फुटवे येऊ द्या, ते हात-दोन हात वाढले की त्यांचेही शेंडे खुडा. पण हाच प्रयोग काकडीवर डोळे मिटून करू नका. काकडीच्या बऱ्याच संकरित वाणांना मुख्य वेलावरच पेरापेराला मादी फूल येतं. तिथे शेंडा खुडला की पीकच खुडलं जातं. कारल्याला मुळातच इतके फुटवे असतात की काही करावं लागत नाही.

मादी फुलं वाढावीत म्हणून शेतकरी इथ्रेल हे वाढ-संजीवक फवारतात, ते वेल दोन ते चार पानांवर असताना. फुलांवर आलेल्या वेलावर ते मारून काही साधत नाही, आणि घरच्या दोन वेलांसाठी त्याची गरजही नाही.

करटुली लावणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. करटुल्याचे नर वेल आणि मादी वेल निराळे असतात. रानातून एकच कंद आणून लावला तर तो नर निघाला की फळ कधीच नाही, मादी निघाला आणि जवळ नर नसला तरी नाही. दोन्ही कंद हवेत, आणि फुलं संध्याकाळची असल्याने त्याच वेळी हाताने पराग लावावे लागतात. तोंडल्यातही नर-मादी वेगळे, पण आपण लावतो ते मादी वेलाचे छाटे, आणि त्यांना परागांशिवाय फळं येतात. म्हणून तोंडली कधी असा त्रास देत नाहीत.

अळ्या निघाल्या तर

फळमाशी ओळखायची खूण बारीक असते. बोटभर दुधीवर किंवा कारल्यावर टाचणी टोचल्यासारखा एक बिंदू आणि त्यातून आलेला मधाच्या रंगाचा डिंक, थेंबासारखा सुकलेला. माशीने तिथे डंख मारून सालीखाली अंडी घातलेली असतात. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात, फळ त्या बाजूने वाकडं होतं, पिवळं पडतं. पोसलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत जाते, तिथेच कोषात जाते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे चक्र झपाट्याने फिरतं. म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये कारल्याचं निम्मंअधिक पीक डागी निघतं.

फवारणीचा इथे फारसा उपयोग नाही, अळी फळाच्या आत असते. चक्र तोडायचं ते जमिनीवर. डागी फळ दिसलं की त्याच दिवशी काढा. गळलेलं एकही फळ वेलाखाली राहू देऊ नका, आणि ते कंपोस्टच्या पिंपात तर मुळीच टाकू नका. तिथे माश्यांची पैदासच होते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल खड्ड्यात पुरा. वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने उकरा म्हणजे कोष वर येतात आणि मुंग्या-पाखरं त्यांचा फडशा पाडतात.

सापळा घ्यायला जाल तेव्हा दुकानात नीट सांगून घ्या. आंब्याच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉलचं आमिष लागतं, वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला क्यू-ल्युअर. दोन्हींना सरसकट ‘फळमाशीचा सापळा’ म्हणतात आणि अनेकांच्या मांडवात आंब्याचा सापळा टांगलेला असतो. तो माश्या पकडतो, पण दुधीवरच्या नव्हेत. क्यू-ल्युअरही फक्त नर पकडतो. शेजारच्या बागेतून नराशी मीलन होऊन आलेली मादी त्यात सापडत नाही. लहान बागेत त्याच्या एकट्याच्या जिवावर राहू नका.

घरच्या बागेसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फळाला पिशवी घालणं. परागीकरणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, फळ झुकू लागताच, जुन्या ओढणीच्या किंवा मलमलीच्या कापडाची सैल पिशवी चढवून देठाशी दोरा बांधा. कारल्याला कागदाची पिशवी चालते, पावसात बदलावी लागते. प्लास्टिक नको, आत वाफ धरून फळ कुजतं. एकदा साल घट्ट झाली की माशीचा जोर कमी होतो. कष्टाचं काम आहे खरं, पण दहा-बारा फळांसाठी संध्याकाळची पंधरा मिनिटं पुरतात आणि त्याच वेळी दुधीचं परागीकरणही होऊन जातं.

फवारणीच्या वेळेबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ‘फवारा संध्याकाळी मारा, मधमाश्या वाचतात’ हा सल्ला भोपळा-काकडीसाठी योग्य आहे. दुधी-दोडक्याची फुलं नेमकी तेव्हा उघडत असतात. त्यांच्यावर नीमतेल किंवा निंबोळी अर्क मारायचाच असेल तर सकाळी लवकर, रात्रीची फुलं मिटत असताना आणि ऊन तापण्याआधी मारा. आणि उघड्या फुलांवर कशाचाच फवारा नको.

टोककूज, भुरी आणि पाणी

पावसाळी टोककुजीत सुकलेलं फूल फळाच्या टोकाला चिकटून राहतं, त्यात पाणी साचतं आणि बुरशी तिथून आत शिरते. फळ धरल्याची खात्री झाली की ते सुकलेलं फूल हाताने अलगद काढून टाका. मांडवातली गर्दी कमी करा, बुंध्याजवळची जुनी पानं काढा, हवा खेळली पाहिजे.

टोक कुजतं पण बुरशी नाही, नुसतं तपकिरी चामड्यासारखं झालंय, असं कुंडीतल्या वेलाला होतं. पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस नाही, असं चाललं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. लगेच कॅल्शियमची बाटली आणू नका, आधी पाणी नियमित करा. आणि कुंडी किती मोठी आहे ते पाहा. दुधी-भोपळ्याला २० लिटर ही अगदी किमान मर्यादा आहे, अर्धा ड्रम मिळाला तर फारच चांगलं. उन्हाळ्यात भरल्या वेलाला एवढ्या मातीत दोन वेळा पाणी लागतं. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका, ती उन्हाने होतात. संध्याकाळीही तशीच राहिली तर माती कोरडी आहे किंवा मुळाशी काही बिघडलंय.

पानांवर भुरी म्हणजे पांढरी पूड दिसली तर खालची जास्त ग्रासलेली पानं काढा. गंधक वापरायचं तर थंड हवेतच आणि आधी एका पानावर पाहून. काकडीवर्गीय वेलांची पानं उन्हाळ्यात गंधकाने करपतात.

तीन-चार फळं आली आणि मग गळ सुरू झाली

हा वेगळा प्रकार. परागीकरण नीट होतंय, माशी नाही, तरी नवीन फळं गळतात. मांडवात शोधा, कुठेतरी पानाआड एखादा दुधी जून होत असेल. बी तयार करणारं फळ वेलाकडून सगळं ओढून घेतं आणि वेल नव्या कळ्या टाकून देतो. दुधी, दोडका, काकडी कोवळी असतानाच काढा. दुधीला नख सहज रुतलं पाहिजे. आकार वाढेल म्हणून थांबण्यात तोटाच आहे, कारण त्या एका फळापायी पुढची दोन जातात. बियाण्यासाठी फळ ठेवायचं असेल तर ते हंगामाच्या शेवटी, वेल थकत आल्यावर ठेवा, आणि राहुरीच्या विद्यापीठाचा ‘सम्राट’ दुधी किंवा दापोलीचं ‘कोकण तारा’ कारलं अशा सुधारित वाणांचंच. संकरित बियाण्याच्या फळातलं बी धरून उपयोग नाही.

लाल भोपळ्याचं गणित वेगळं. तो पूर्ण पिकूनच काढायचा असतो, म्हणून एका वेलावर दोन-तीन फळं धरली की पुढची कोवळी फळं वेल आपणहून टाकतो. ती गळ थांबवायच्या मागे लागू नका. कुंडीत असेल तर एक किंवा दोन भोपळेच ठेवा.

वेल साडेतीन-चार महिन्यांचा झाला असेल, बुंध्याकडची पानं वाळली असतील आणि नव्या फुटव्यांची पेरं आखूड येत असतील, तर त्याच्यावर आणखी मेहनत घेऊ नका. उपटून टाका, ती माती उन्हात आठवडाभर पसरून तापवा, त्यात नवं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा, आणि त्या जागी महिना-दीड महिना पालेभाजी घ्या. पुढचं दुधी-दोडक्याचं बी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर किंवा थेट जानेवारीत.